फळ्यांखालचं गुलशनाबाद

तुळसक्का गेल्याची बातमी मला फुलांच्या गाडीपाशी कळली. मल्लेश्वरमच्या बाजारात मी शेवंतीची एक मोळ मागत होते. इथं गजरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हातानं मोजून देतात, तेवढ्या मापाला मोळ म्हणतात. फूलवालीनं माप धरलं आणि तेवढ्यात आमच्या घरमालकीणबाई धापा टाकत आल्या. "शोभा, पेटेतून फोन होता. तुझ्या अक्का गेल्या ग." मी विचारलं, "किती वाजता?" का विचारलं, देव जाणे. घाबरले की मी वेळ विचारते, ही माझी जुनी खोड. बाई म्हणाल्या, "पहाटे. आणि त्यांच्या मुलानं एक विचित्र निरोप ठेवलाय. म्हणाला, शोभाम्माला म्हणावं ये, आणि येताना बघत ये, मुत्तुगाला कळ्या आल्यात का." मुत्तुग म्हणजे आपला पळस. आई जाऊन दोन तास झालेत आणि हा माणूस पळसाच्या कळ्या विचारतोय... बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला मात्र निरोप पुरता कळला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खोटं कशाला सांगू, छातीत जी धडधड सुरू झाली होती ती नुसत्या दुःखाची नव्हती.

त्याला आता पाच आठवडे झाले. माणूस गेल्यावर लिहायचं तर हळू आवाजात लिहावं, एवढं मलाही कळतं. पण अक्कांची आठवण हळू आवाजात येतच नाही. ती येते ती हलगी वाजल्यासारखी. मी सातवीत शाळा सोडलेली बाई, वर्तमानपत्राच्या पुरवणीत काय लिहिणार, असं वाटून दोनदा कागद फाडला. तिसऱ्यांदा म्हटलं, जे झालं ते एका ओळीनं सांगू या. सांगायचं आहे ते एका गावाच्या नावाबद्दल, आणि त्या नावासाठी जन्मभर थांबलेल्या एका बाईबद्दल.

मी नाशिकची, तांबट आळीतली. वडील, म्हणजे आमचे अप्पा, तांब्यापितळेच्या भांड्यांना ठोके देणारे. आई आजारी पडली आणि घरात मोठी मी, म्हणून शाळा सुटली. एक्क्याण्णव साली लग्न होऊन बेंगळुरात आले. ह्यांना पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नरची नोकरी होती, सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मला कानडीतला एक शब्द येत नव्हता, बसच्या पाट्या म्हणजे नुसती वेटोळी. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे ह्या एवढ्या शहराला नदी नाही! आमच्याकडं रस्ता चुकला तर उताराला लागायचं, गोदावरी लागते, मग पुढं घर सापडतं. इथं उताराला लागलं की दुसरी चढण लागायची. अशीच एकदा चुकून शिवाजीनगरच्या बसस्टँडवर उतरले. चहूकडं माणसं, मटणाची दुकानं, भंगाराच्या गाड्या, आणि मी पिशवी छातीशी धरून पुटपुटतेय, "आता काय करू ग बाई, आता काय करू..." तर शेजारून आवाज आला, "काय करतीस? आधी खातीस. तोंड बघ की कसं झालंय!"

ह्या तुळसक्का. साठीच्या पुढच्या, काटक, नाकात दोन्हीकडं चमक्या, आणि हात कोपरापर्यंत जांभळे. मी त्या हातांकडंच बघत राहिले. "भिऊ नको, रंग हाय तो. आमी रंगारी. रेशमाच्या लडी रंगवतो." त्यांचं मराठी मला अर्धं कळलं, पण मराठी होतं! सात-आठ पिढ्यांपूर्वी त्यांची माणसं इकडं आली, घरात अजून मराठी, बाहेर कानडी, आणि दोन्हींची सरमिसळ. त्यांनी मला पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, आपल्या घरी नेलं. पुढं घर, मागं अंगण, अंगणात मोठाली तांब्याची घंगाळं आणि दोऱ्यांवर वाळणाऱ्या लाल, हिरव्या, मोरपंखी लडी. मला पाटावर बसवून वाटीभर उकडलेले हरभरे दिले, वर ओलं खोबरं. म्हणाल्या, "खा. या गावाचं नावच त्यावरनं पडलंय. कोन एक राजा वाट चुकला, भुकेजला. एका म्हातारीनं त्याला उकडलेलं कडधान्य दिलं. बेंद काळू. म्हनून बेंदकाळूरू, मग बेंगळूरू. म्हंजे वाट चुकलेल्याला खायला घालायचं, हा या गावाचा कायदाच हाय!" मी हसले. माहेर सोडून इतक्या लांब आल्यावर पहिल्यांदा हसले असेन. दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाल्या, लडी पिळायला आणि वाळत घालायला बाई हवीच होती.

आणि मग दारातून निघताना त्यांनी तो प्रश्न विचारला. "गाव कुठलं तुझं?" नाशिक, म्हटलं. त्यांना नाव नुसतं ऐकून ठाऊक. मान हलवली, आणि मग जरा पुढं झुकून, आशेनं म्हणाल्या, "तिकडं गुलशनाबाद कुठं हाय, ठाऊक हाय का ग तुला?"

आता हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अक्कांच्या घरात नवी सून आली की तिला उंबऱ्यावर थांबवून एक वाक्य सांगायचे: मूळ गाव गुलशनाबाद, दारात नदी. एवढंच. ते गाव कुठं, कुठल्या मुलखात, हे सांगणारी पिढी कधीच संपली. आणि अक्कांना ते गाव हवं होतं ते नुसत्या हौसेपायी नव्हे. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात वर्षातनं एकदा करायचं एक काम हाय. ते एक वर्ष जरी चुकलं की कायमचं बंद. पन घरात कोन मेलं तर वर्षभर त्या घरानं सण करायचा न्हाई. मग त्या वर्षी ते काम गावच्या दुसऱ्या घरानं येऊन करायचं. दुसरं घर पायजे, पन गावचं पायजे. माझा नवरा गेला तवा पलीकडल्या गल्लीतल्या घरानं केलं. आता ते घर न्हाई. एकेक करून सगळी गेली. आता मी गेले म्हंजे?" म्हणून शहरात कुणी नवं मराठी माणूस भेटलं की अक्का विचारायच्याच, गुलशनाबाद ठाऊक हाय का. बसमध्ये, दवाखान्यात, देवळाच्या रांगेत.

मला ठाऊक नव्हतं. सरळ नाही म्हणायचं की नाही? पण आत्ताच ह्या बाईनं खायला घातलंय, काम देऊ केलंय, आणि पहिल्याच प्रश्नाला आपण अडाणी ठरायचं... जीभ चालली. म्हटलं, "हो, औरंगाबादच्या बाजूला आहे कुठंतरी." का? तर नावाच्या शेवटी बाद होतं म्हणून. अक्कांचा चेहरा असा उजळला की मला तिथंच शब्द परत घ्यावासा वाटला. घेतला नाही. वर्षातनं एकदाचं काम कसलं, हेसुद्धा विचारलं नाही. विचारलं तर बोलणं वाढेल आणि खोटं उघडं पडेल, ही भीती. तेव्हा विचारलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

काम मला फार आवडलं. ओली लड दांड्याला अडकवून पिळायची, झटकायची, की रेशीम कसं चमकतं! अक्का शिकवायच्या थट्टेनं. "अग, कोंबडीची मान न्हाई ती. स्वल्प हळू पीळ." चहा पहिला मला, जेवणात कोशिंबीर माझ्या आवडीची, ताप आला तर घरी निरोप. आईनं केलं नसतं इतकं केलं. दुपारी डबा खायला मी अंगणाच्या कोपऱ्यातल्या एका लाकडी चौथऱ्यावर बसायचे. चौथरा कसला, जमिनीसरशी टाकलेल्या जाड फळ्या, वर माती सारवलेली. खाली जुनी टाकी असेल, वाटायचं. अक्कांचे चिरंजीव राणोजीअण्णा तिला तोट्टी म्हणायचे, म्हणजे हौद. त्यांना ते अंगण पाडून तीन मजले चढवायचे होते. मायलेकरांचं रोजचं भांडण. "अम्मा, बेंगळुरात दुसऱ्या कुनाकडं हाय का हे? कुठलं ते गाव, कुणी बघितलंय? गावचं एक मानूस आनून दाव मला, तोट्टीचा एक दगड हलवनार न्हाई. बस?" अक्का म्हणायच्या, "आनतो, आनतो." आणि माझ्याकडं बघायच्या. मी डबा झाकून लडींकडं पळायचे.

एकदा राणोजीअण्णा रेशमाच्या कामासाठी औरंगाबादला गेले. अक्कांनी त्यांना सक्त बजावलं, गुलशनाबाद विचारून ये. ते बिचारे दोन दिवस रिक्षावाल्यांना, लॉजवाल्याला विचारत हिंडले. परत आले ते चिडून. "शोभाम्मा, तुमच्या गुलशनाबादेत तेवढी बस जात न्हाई बघा!"  त्या संध्याकाळी अक्कांनी दिवा लावताना वात दोनदा विझू दिली. त्यानंतर त्यांनी नव्या माणसांना विचारणं सोडलं. आणि मी... मी गप्प राहिले. पहिल्या वर्षी मी आले तेव्हा होळी होऊन गेली होती, दुसऱ्या वर्षी बाळंतपणाला माहेरी होते. त्यामुळं ते वर्षातनं एकदाचं काम मी पाहिलं ते तिसऱ्या वर्षी.

त्याच्या आदल्या आठवड्यात अक्का मला बेळ्ळंदूरला घेऊन गेल्या. बसनं शेवटपर्यंत, मग तळ्याच्या कडेनं चालत. तिथं पळसाची चार झाडं होती, नुसती पेटलेली. आम्ही खाली पडलेली फुलं पदरात वेचली. "कशाला हो?" "पाचव्या दिवशी कळंल." होळीनंतरच्या पाचव्या दिवशी सकाळी मी गेले तर अंगणात मोठं घंगाळ चुलीवर, त्यात फुलं उकळतायत, आणि अक्का त्यात चुन्याची चिमूट सोडतायत. पाणी पिवळ्याचं केशरी झालं. अक्कांनी पांढऱ्या कापडाची एक पट्टी बुडवली, उन्हाकडं धरली, डोळे बारीक केले. सगळे श्वास धरून. गल्लीतली माणसं भिंतीवर, दारात. मग अक्का म्हणाल्या, "सरी. उघडा." कानडीत सरी म्हणजे ठीक, जमलं. आणि राणोजीअण्णांनी माझ्या डबा खायच्या फळ्या उचलायला सुरुवात केली.

माती सरकली, फळी निघाली, दुसरी निघाली... खाली दगडी, चौकोनी, माणूस कमरेएवढा बुडेल असा हौद. त्यात रंग ओतला, काठाला हार घातला, नारळ फोडला, आणि गल्लीतला एक धट्टाकट्टा गडी पाय पोटाशी घेऊन धपकन आत पडला. पाणी असं उसळलं की भिंतीवरचे सगळे भिजले!

मी किंचाळले. खरोखर किंचाळले. "रहाड! अहो अक्का, ही तर रहाड!" हातातली परात पडली. सगळे वळून बघायला लागले. माझं तोंड थांबत नव्हतं. "आमच्या नाशकात आहेत अशा! रंगपंचमीला उघडतात, वर्षभर फळ्या टाकून माती घालून बंद! आणि असाच धप्पा मारतात, अस्साच, पाय पोटाशी घेऊन! दुसरीकडं कुठं नसतं हो असं!" लहानपणी मी अप्पांच्या खांद्यावर बसून ते पाणी अंगावर घेतलं होतं. तो वास, तो धप्पा... आणि त्याच्यावर बसून मी दोन वर्षं पोळीभाजी खात होते!

अक्का ओल्याचिंब उभ्या होत्या. "काय म्हनलीस? काय नाव त्याचं?" त्यांच्या घरात तो शब्दसुद्धा उरला नव्हता, नुसतं काम उरलं होतं. राणोजीअण्णा मात्र हिशेबी माणूस. म्हणाले, "थांबा. शोभाम्माचं गाव नाशिक. आमचं गुलशनाबाद. म्हंजे एक न्हाई की." अक्कांचा चेहरा उतरला. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांचा हात धरला आणि तशाच केशरी अवतारात आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. बूथवाला म्हणाला, "अक्का, माझी काच!" अक्का म्हणाल्या, "पुसून देतो रे, आधी नंबर लाव."

नंबर आमच्या आळीतल्या किराणा दुकानाचा. तिथंही तोच सण, मागं हलग्या वाजतायत, कुणी कुणाला हाका मारतंय. अप्पांना बोलवायला माणूस गेला. भिंतीवरच्या मीटरचे लाल आकडे पळत होते आणि माझा जीव त्यांच्यापुढं. शेवटी अप्पांचा आवाज आला. "काय ग, काय झालं? जावई बरे आहेत ना? बाळ?"

"सगळे बरे. अप्पा, गुलशनाबाद कुठं आहे?"

पलीकडं नुसत्या हलग्या. मग, "सणाच्या दिवशी बेंगलोरहून फोन करून हे विचारतेस?"

"सांगा ना अप्पा!"

"अग वेडाबाई, तू त्यातच जन्मलीस की!"

मी अक्कांना जवळ ओढलं. फोन अक्कांच्या हातात, माझा कान फोनला चिकटलेला, राणोजीअण्णांचा कान माझ्या डोक्यावर. अप्पा खुशीत आले. ते शिकलेले नाहीत, पण घाटावरच्या पुराणिकांच्या शेजारी बसून भांडी ठोकण्यात जन्म गेलेला. म्हणाले, "आपल्या गावाला युगायुगाला नावं आहेत. आधी पद्मनगर, मग त्रिकंटक, मग जनस्थान, आणि कलियुगात नाशिक. नाशिक का, तर शूर्पणखेचं नाक इथं कापलं. कुणी म्हणतं, तसं नाही, नऊ टेकड्यांवर वसलंय म्हणून. मग मोगल आले. त्यांनी इथल्या बागा बघितल्या, गुलाब बघितले, आणि नाव ठेवलं गुलशनाबाद, फुलाबागांचं गाव. पेशवाईत परत नाशिक झालं. ज्याचे पूर्वज मधल्या काळात बाहेर पडले तो गुलशनाबादच सांगणार!"

अक्कांनी एवढं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "दादा, दारात नदी हाय का?"

"आहे की. पूर आला की उंबऱ्यात येते."

 फोन ठेवल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "नाक कापलेलं गाव! अय्यो... म्हनून आमच्या मोठ्यांनी फुलांचं नाव तेवढं बरोबर आनलं हुतं वाटतं!" आणि त्या अशा हसल्या, अशा हसल्या की बूथवाला बाहेरून आत डोकावला. ह्या बेंगळुरालाही लोक बागांचं शहर म्हणतात ना, त्या म्हणाल्या, म्हणजे आमी बागेतनं निघालो ते बागेतच आलो, मधल्या मधी नदी तेवढी हरवली.

मला मात्र हसू येईना. मी तिथंच, रस्त्यावर, सगळं कबूल केलं. औरंगाबाद मी घाबरून सांगितलं होतं, मला काहीच ठाऊक नव्हतं. नाशकाचं जुनं नाव पुढच्या इयत्तेत कधीतरी सांगितलं असेल, मी सातवीतच बाहेर पडले. राणोजीअण्णांचे दोन दिवस माझ्यामुळं वाया गेले. आता कामावरून काढलंत तरी चालेल. राणोजीअण्णा काही बोलणार तोच अक्कांनी त्यांना हातानं गप्प केलं. माझ्या ओल्या डोक्यावर आपला केशरी हात ठेवला आणि म्हणाल्या, "दोन वर्षं माझ्या गावावर बसून डबा खाल्लास की ग! ह्याहून अजून काय शिक्षा करू तुला?" मग लेकाकडं वळल्या. "हं. गावचं मानूस मागत हुतास. घे. दुसऱ्या घरचं हाय, गावचं हाय, आनि भ्यालं तरी खरं बोलतं." राणोजीअण्णांनी कान पकडले. त्यांचं घर पुढं तीन मजली झालं, पण तळमजल्यावर जिन्याशेजारचा तेवढा कोपरा उघडा राहिला. इंजिनिअरनं पुन्हा पुन्हा विचारलं, इथं खोली का नको? ते म्हणायचे, "इथं आमचं गाव हाय."

अक्कांना नाशिक दाखवायचं हा माझा ध्यास झाला. पण रंगपंचमीला जाता येईना. त्या दिवशी आपली तोट्टी भरायची असते. म्हणजे नाशकातली उघडी रहाड त्यांना कधीच दिसणार नव्हती! शेवटी दिवाळीनंतर निघालो, अक्का, राणोजीअण्णा, मी आणि कडेवर माझी लेक. मनमाडला गाडी बदलली तेव्हापासून अक्का खिडकीला चिकटलेल्या. घाटावर पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, पायऱ्या उतरल्या, गोदावरीत घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. म्हणाल्या, "स्वल्पच पानी हाय की ग!" मग वाकून ओंजळ भरली. "असू दे. दारात हाय न्हवं."

मग अप्पांनी आम्हाला रहाड दाखवायला नेलं. दाखवायला काय, रस्त्याचाच तुकडा. वर माती, त्यावर एक स्कूटर लावलेली, शेजारी भाजीवाली. राणोजीअण्णा म्हणाले, "हीच? हितं तर कायच दिसत न्हाई." अक्का पुढं गेल्या आणि स्कूटरशेजारी अनवाणी उभ्या राहिल्या. एक पाय उचलून टाच आपटली. खालून पोकळ, जड आवाज आला. पुन्हा आपटली. त्यांचे डोळे असे चमकले! "राणोजी, ऐकलास? आपल्याच फळ्या!" स्कूटरवाला आला आणि आजीबाई नाचतायत का काय म्हणून बघत राहिला. अक्का त्याला म्हणाल्या, "आमची पन हाय. बेंगळूरला. तुमची मोठी हाय, पन आमची एक वर्ष पन चुकलेली न्हाई." तो गोंधळून म्हणाला, "हो का? बरं बरं," आणि स्कूटर जरा बाजूला घेतली. त्या दिवशी अप्पांनी त्यांना एक तांब्या दिला, स्वतः घडवलेला. आमच्याकडं भांड्यावर नाव घालतात तसं ठोकणीनं टिंबटिंब करून त्यावर घातलं होतं: तुळसाबाई, गुलशनाबाद.

गेल्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले, ती आमची शेवटची भेट. अक्का कॉटवर होत्या, आवाज खोल गेलेला, पण नजर तीच. म्हणाल्या, "कपाट उघड." त्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं, हलकं, हाताला चुरचुरणारं. वाळलेली पळसफुलं. "गेल्या साली जास्त वेचली हुती. झाडाला न्हाई आली तर लागतील." मी म्हटलं, "अक्का, तुम्हीच भराल की." त्यांनी डोळे वटारले. "मी हाय तर भरीन. न्हाई तर कोन भरनार, सांग बघू?" मी गाठोड्याची गाठ घट्ट करत बसले. "अग सांग की. पहिल्या दिवशी विचारलं तवा भिऊन खोटं बोललीस. आता खरं बोल." मी म्हटलं, "गावचं दुसरं घर." "सरी," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या, तर पुन्हा डोळे उघडून, "चुना स्वल्पच घाल हां. तुझा हात सैल हाय."

नऊ दिवसांवर रंगपंचमी आली आहे. अक्कांच्या घरात यंदा सण नाही. पुरणाची पोळी नाही, तोरण नाही. राणोजीअण्णा त्या दिवशी बाहेरच्या ओट्यावर बसणार, फळीला हातसुद्धा लावणार नाहीत. परवा त्यांनी फळ्या उचलायचा लोखंडी आकडा आणि तो तांब्या माझ्याकडं आणून दिला. मोठा माणूस, पण दारात उभं राहून म्हणाला, "शोभाम्मा, चुकू देऊ नको हां." मी बेळ्ळंदूरला जाऊन आले. झाडं चारांची तीन झालीत, एकाच्या जागी बांधकामाच्या विटा पडल्यात, पण फुललीत भरभरून. अक्कांकडं जिन्याशेजारच्या त्या कोपऱ्यात तोट्टीच्या वरच्या खिळ्याला दरवर्षी रंगात बुडवलेल्या पट्ट्या बांधलेल्या आहेत. वरच्या केशरी, त्याखालच्या फिक्या, अगदी खालच्या पार पांढऱ्या, एकाही वर्षाची जागा रिकामी नाही. त्या पट्ट्या मी दोनदा मोजून आले. रंग बिघडला तर? चुना जास्त पडला तर? एवढ्या पिढ्यांचं काम, आणि माझ्यासारखीच्या हातात...

म्हणून काल स्वयंपाकघरात अक्कांच्या गाठोड्यातली मूठभर फुलं छोट्या पातेल्यात उकळून बघितली. सगळ्या घरभर तोच वास. हे म्हणाले, "आमटी का जाळलीस?" लेक ओट्याला लोंबकळून बघत होती. चुना घातला, अगदी नखावर मावेल इतका. पाण्यानं रंग बदलला. पांढऱ्या कापडाची पट्टी बुडवली, खिडकीकडं धरली, डोळे बारीक केले. कितीतरी वेळ धरली. लेक म्हणाली, "आई, आता काय म्हणायचं?"

 मग मीच ऐकलं, तो आवाज माझाच होता, जरा कापरा, पण चांगला खणखणीत.

"सरी. उघडा."